नहरीच्या बागेतले वाळे

झोळी हलकी लागली. झोका द्यायला म्हणून दोरीला हात लावला तर झोळी वाऱ्यावर पदर उडावा तशी वर आली. आत हात घातला. गोधडी होती, दुपट्याचा बोळा होता, लेकरू न्हव्हतं.

झोळीच्या पुढंच नहर, अन् पावसाळा नुकता सरलेला, पाणी काठाला लागून वाहून राह्यलं होतं. माझं लेकरू दहा महिन्याचं, रांगायला शिकल्तं. मी पहिलं पाण्यातच पाह्यलं. वाकून पाह्यलं, काठानं पळत गेले, पुलाखाली पाह्यलं, परत पळत आले, परत झोळीत हात घातला, जसं काय आता असंल. ओरडावं म्हणलं तर तोंडातून आवाज निघंना. आजूबाजूला लोक भेळ खाऊन राह्यले, लेकरं घसरगुंडीवर, कुणाला माझ्याकडं बघायची गरज न्हाई. अन् मी पोलीस हाय, हे तर मला आठवलंच न्हाई.

रिटायर होऊन आता बरेच वर्षं झाले. शिपाई म्हणून लागले अन् सहायक फौजदार म्हणून निघाले. मधल्या नोकरीत खून पाह्यले, दरोडे पाह्यले, बंदोबस्तात दगडं खाल्ले. पण कुणी म्हणलं बाई तुमची एखादी केस सांगा, की माझ्या हाताला पहिली ती हलकी झोळीच लागती. सातवीपर्यंत शाळा शिकल्ते मी, लिहायची सवय न्हाई, म्हणून बोलते तसंच सांगते. नावं कुणाची घेत न्हाई. ज्यांच्या त्यांच्या घरी आता सुना-नातवंडं हायेत.

जालना जिल्हा नवानवा झाल्ता तेव्हाची गोष्ट. बायका भरतीला मिळत न्हव्हत्या, शिक्षणाचं फार कुणी बघत न्हव्हतं, मालकांनी फॉर्म आणला अन् मी लागले. ठाण्यात आम्ही बायका दोघीच. सकाळी हजेरी, मंग ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ उभं राहायचं, एखादी बाई आरोपी आणली की तिची अंगझडती घ्यायची, मोर्चा असला की बायकांच्या बाजूला काठी घेऊन थांबायचं. बाकी वेळ मी भिंतीला टेकून घरी लेकरू काय करत असंल ह्याचाच इचार करायची. घाबरट होते मी. साहेबांनी नुसतं नाव पुकारलं तरी घाम फुटायचा.

गावाबाहेर निजामाच्या राज्यातली दगडी नहर, म्हणजे पाण्याचा कालवा, हाय. तिच्या दोन्ही काठानं मोठमोठ्या चिंचा, दगडी चौथरे, पाण्यात उतरायला पायऱ्या, अन् बारका कमानीचा पूल. त्याचीच नगरपालिकेनं बाग केल्ती. रविवारी तिथं सगळा गाव लोटायचा. मंठ्याहून, वडीगोद्रीहून पाहुणे आले तरी त्यांना नहर दाखवायला न्यायचे. गावातल्या मस्तगडाकडचे मारवाडी लोक गोठ करायला यायचे. गोठ म्हणजे त्यांची सहल, गोवऱ्या पेटवून त्यात बाट्या भाजायच्या, दाल करायची अन् सगळ्या खानदानानं चौथऱ्यावर बसून खायचं. खेड्यातल्या बायका बाजार करून यायच्या, चिंचेला झोळ्या बांधायच्या, लेकरं निजवायच्या अन् पाण्यात पाय सोडून बसायच्या. घरात सासू, बाहेर ऊन, तेवढं एक ठिकाण होतं जिथं बाईमाणूस पाय लांबवून बसायचं.

अन् त्या बागेतून लेकरांच्या पायातले चांदीचे वाळे जायला लागले.

पहिली बाई आली तेव्हा अंमलदारानं तिलाच झापलं, तुझं ध्यान कुठं होतं म्हणून. मंग दुसरी आली. मंग एका रविवारी दोघी बरोबरच आल्या. सगळ्यांचं एकच. लेकरू झोळीत न्हाईतर गोधडीवर निजलेलं, उठवून घेतलं तर पाय मोकळे. ओरखडा न्हाई, वळ न्हाई. सराफ्यात इचारपूस केली, कुणी बारके वाळे इकायला आणलेलेच न्हव्हते.

खबर दिली ती शेंगावाल्यानं. बागेच्या दारात उकडलेल्या शेंगा इकायचा. साहेबांसमोर उभा राहून टोपी हातात घेऊन म्हणला, "साहेब, मी रोज तिथं बसतो. वाळे जातेत त्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. लेकरू रडत न्हाई. परक्या माणसानं पायाला हात लावला तर लेकरू भोंगा काढतं का न्हाई? हे काढत न्हाईत."

आमचे साहेब म्हणजे फौजदार, पुण्याकडचे, नुकतेच बदलून आल्ते. ते म्हणले, मग बाई असणार. आमचे जमादार म्हणले, बाईच कशी असंल साहेब, एक लाल शर्टवाला पोरगा दर रविवारी सायकल घेऊन झोळ्यांपाशी घुटमळतो, मी सोता पाह्यलं. साहेबांनी दोन्ही ऐकलं अन् माझ्याकडं बघितलं.

"तुम्हाला लहान मूल आहे ना?"

"हाय साहेब."

"रविवारी साध्या कपड्यात बागेत बसायचं. मूल घेऊन. पायात वाळे असू द्या. जमादार जवळपास राहतील."

घरी सांगितलं तर माझ्या सासूबाई, आत्या म्हणायची मी त्यांना, भाकरी थापता थापता थांबल्या. "सरकारनं तुला नोकरीला घेतलं का माझ्या नातवाला?"

"आत्या, नुसतं बसायचं हाय. सहलच समजा."

"मंग मी येते सहलीला."

"तुम्हाला न्हाई बोलावलं."

"हां. माझ्या पायात वाळे न्हाईत म्हणून," आत्या म्हणल्या अन् उरलेली भाकर जरा जोरातच थापली.

दोन रविवार काहीच झालं न्हाई. खरं सांगते, मला तर बरंच वाटलं. पगारी सहल. लेकरू पाण्यात पाय आपटायचं, मी शेंगा खायची, गेटावर एक मातीची खेळणी इकणारी मावशी बसायची, ती जाता-येता त्याला मातीचा बैल दाखवायची. नहरीच्या गाळाचे बैल, चुली, जाते करायची ती. चाळिशीची पण दिसायला तिशीची, नेसणं स्वच्छ, बोलणं गोड. सगळ्या बायका तिला मावशीच म्हणायच्या. कुणाला पायरीवर उतरायचं असलं तर लेकरू तिच्याकडं द्यायच्या. मी पण दिलं एकदा.

तिसऱ्या रविवारी लाल शर्टवाला आला. लेकरू झोळीत निजल्तं. पोरगा दोन झोळ्यांजवळून गेला, थांबला, परत फिरला, मान उंच करून बघून राह्यला. मी जमादारांना शोधलं तर ते कुठं दिसंना, मागून कळालं ते पुलाच्या पलीकडं होते. मंग मीच उठले अन् त्याच्या मागं गेले. सगळ्या बागेला वळसा घालून मंग कमानीपाशी त्याला गाठलं. म्हणलं, "काहून फिरतो रे इथं?" त्याचं तोंड पांढरं पडलं. तो म्हणला, "बाई, गावात सांगू नका. त्या तिकडच्या चिंचेखाली माणसं बसलेत ना, त्यांच्या पोरीचं माझ्याशी लग्नाचं बोलणं चालू हाय. घरचे म्हणतेत लग्नातच बघ. म्हणून मी रविवारी लांबून बघतो."

"तिला ठाऊक हाय?"

"तीच सांगती कुठल्या झाडाखाली बसणार ते."

मला हसू आलं. हसतच परत आले. अन् दोरीला हात लावला.

तर मी काठानं पळून राह्यले होते तिथपर्यंत सांगितलं. तेवढ्यात वरच्या मोठ्या चौथऱ्यावरून बायकांच्या गाण्याचा आवाज आला अन् त्या गाण्यात एक हसणं ऐकू आलं. दुसऱ्या कुणाला ते कुठल्याही लेकराचं हसणं वाटलं असतं. मला ते माझ्या लेकराचं वाटलं. पायऱ्या कशा चढले न्हाई ठाऊक.

चौथऱ्यावर एका मारवाडी घरची गोठ होती. बाट्यांचा धूर, पितळेचे डबे, गोल करून बसलेल्या बायका. मधी पाटावर त्यांची सून, दिवस भरत आलेली, अंगावर लाल ओढणी. अन् तिच्या मांडीवर माझं लेकरू. कपाळाला टिळा, हातात पेढा, गाल पेढ्यानं माखलेले. एका पायात वाळा, दुसरा पाय मोकळा.

मी झडप घालणार तेवढ्यात त्यांच्या घरची म्हातारी, सगळे तिला दादीजी म्हणत होते, मधी उभी राह्यली.

"ए बाई, हात नको लावू. गोद भराई चालू आहे."

"माझं लेकरू हाय ते." आवाज आता निघाला.

"तुझं?" दादीजीनं मला खालून वरपर्यंत पाह्यलं. "ह्याच्या माँ ने तर मला आपल्या हातानं दिला. तू कोण?"

हे ऐकून मी खालीच बसले. दादीजी वाईट न्हव्हती. तिनं पाणी दिलं, अन् मंग समजून सांगितलं. त्यांच्यात बाईला दिवस गेले की गोद भराई करतात. सुनेच्या मांडीवर एक गुटगुटीत पोरगं बसवायचं, ज्याचे आई-बाप दोन्ही जिते हायेत, अन् जे आईचं पहिलंच हाय. त्यांच्या नात्यातलं पोरगं ठरल्तं, पण त्याला सकाळी ताप आला. मंग दादीजी सोता बागेत पोरगं शोधत निघाली. एका झोळीपाशी बाई बसलेली दिसली, लेकराचे पाय हातात घेऊन.

"मी इचारलं, तू ह्याची माँ का? ती म्हणली हो. पहिला आहे का? म्हणली हो. मी म्हणलं एकच वाळा का? म्हणली दुसरा पडला कुठं तरी. मी तिथंच तिला कुंकू लावलं, तांदूळ लावले, आवतण दिलं. पोराची माँ म्हणून तिला साडी द्यायची आमची रीत आहे. म्हणलं जेवणं झाले की ये, साडी घे अन् पोराला घेऊन जा. ती म्हणली येते."

एका पायाचा वाळा काढून झाल्ता, दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात म्हातारी समोर. पळावं तर सापडंल, म्हणून माय झाली ती. माझ्या लेकराची माय. मला इतका राग जिंदगीत कधी आला न्हाई. घाबरट बाईला राग आला की ती कशी होती ते मला त्या दिवशी कळालं. थंडगार.

जमादार धापा टाकत वर आले. त्यांना सांगितलं. वयानं मोठे होते, मला लेकीसारखं बघायचे. म्हणले, "पोरी, लेकरू उचल अन् घरी जा. आज न्हाई सापडली तर पुढच्या रविवारी सापडंल."

"जमादार, ती येणार हाय."

"कशावरून?"

"एक वाळा अजून पायात हाय. अन् साडी मिळणार हाय."

"अन् तू काय करणार?"

"इथंच बसते. लेकरू तिथंच राहू द्या."

जमादारांनी पुलाकडं, पायऱ्यांकडं नजर फिरवली. मंग म्हणले, "ती आली की लेकरू घेऊन तिला जाऊ द्यावं लागंल. दुसरा वाळा काढताना धरली तरच गुन्हा टिकंल. न्हाईतर ती म्हणंल मी नुसतं लेकरू घेतलं. जाऊ देशील?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली का उगं हलली, आज सांगता येत न्हाई.

दादीजीला हे सगळं सांगितलं. तिला पोलीस म्हणलं की आधी नको वाटलं, घरच्या इज्जतीचं बोलली, मंग लेकराच्या मोकळ्या पायाकडं पाह्यलं अन् आपल्याच दुसऱ्या एका सुनेची पिवळी ओढणी काढून माझ्या डोक्यावर टाकली. "लंबा घुंघट घे. बायकांत बस. बोलू नको, तुझी बोली कळंल."

मी बसले. ओढणीतून सगळं पिवळं दिसून राह्यलं. हाताच्या अंतरावर लेकरू. त्याला काय ठाऊक. पेढा खाल्ला, सुनेच्या बांगड्या ओढल्या, मंग त्याला भूक लागली. ओठ बाहेर काढले. मला ठाऊक होतं आता काय होणार. रडायला लागलं. अन् ते रडलं तसा मला पान्हा फुटला, पोलकं भिजून गेलं. सून माझ्याकडं बघून राह्यली, तिचे पण डोळे भरले. मी मुठी आवळून बसले. बायका गाणं म्हणून राह्यल्या, पण गाणं अडखळत होतं, सगळ्यांचं ध्यान पायऱ्यांकडं.

अन् ती आली. कपाळावर कुंकू, त्याच्यावर तांदूळ चिकटलेले. खेळणेवाली मावशी.

माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असंल? हेच की हिच्याकडं तर मी माझ्या हातानं लेकरू दिल्तं.

"आले बाई," म्हणली हसत. "लई तरास दिला का माझ्या राजानं?" अन् पाटाजवळ टेकली. लेकराच्या पाठीवर हात फिरवला, जिभेनं कसला तरी टकटक आवाज केला. लेकरू गप झालं. माझं लेकरू, माझ्यासाठी रडणारं, तिच्या हाताखाली गप झालं. शेंगावाला खरं सांगत होता.

दादीजीनं साडी दिली. तिनं ती कपाळाला लावून घेतली. मंग लेकराला उचलायला दोन्ही हात पुढं केले. पुलापाशी जमादार उभे. माझं काम एवढंच की हलायचं न्हाई. ती उचलंल, पायऱ्या उतरंल, मी मागून जाईन.

तेवढ्यात दादीजीनं तिचं मनगट धरलं.

"तू नाही. गोदीतून माँ च उचलती. झूठी माँ ने उचललं तर माझ्या सुनेचं कसं होईल?"

इतका वेळ ती म्हातारी बराबर वागली होती. साडी दिली, हसली, सगळं ठरल्याप्रमाणं. पण सुनेच्या भरल्या मांडीवरून खोट्या बाईनं लेकरू उचलायचं हे काही तिला सहन झालं न्हाई. त्यांच्या घरची रीत होती ती, अन् त्या रीतीपुढं पोलीस काय अन् चोर काय. तिनं मनगट सोडलंच न्हाई. मी उठले, घुंघट काढला, अन् लेकरू उचललं. जमादार पळत आले. केस तिथंच बिघडली, पण लेकरू माझ्या कडेवर होतं.

ठाण्यात साहेब वैतागले. "रंगेहाथ हवी होती. आता हिच्यावर काय आहे?"

खरंच काही न्हव्हतं. मी अंगझडती घेतली, पदराच्या गाठीत सुपारी अन् चुना. टोपलीत मातीची खेळणी अन् हात धुवायच्या साबणाचा तुकडा. पंचांसमोर सगळं लिहून घेतलं. मावशी स्टुलावर बसून शांत बोलली. "साहेब, मी लोभी हाय. म्हातारीनं साडी देते म्हणलं, मी माय म्हणून बसले. एवढाच माझा गुन्हा. काय फाशी द्यायची ती द्या."

"वाळा कुठं आहे?"

"मला काय ठाऊक. झोळीत लेकरू रडत होतं, त्याची माय कुठं तरी गेल्ती, मी थोपटलं. थोपटायचा पण गुन्हा हाय का?"

"पाय हातात कशाला घेतले होते?"

"थंड पडल्ते म्हणून. लेकराचे पाय चोळले की ते निजतं. तुम्ही पुरुषमाणूस, तुम्हाला न्हाई ठाऊक."

साहेब लग्न न झालेले. त्यांनी जमादारांकडं पाह्यलं. जमादारांनी दरडावून पाह्यलं, तिनं त्यांना पण दादा म्हणून उत्तर दिलं. असं किती वेळ चाललं. लेकरानं मंग ठाणं डोक्यावर घेतलं. साहेबांनी खूण केली, मी कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसले अन् त्याला पदराखाली घेतलं. साहेब अन् जमादार दारात जाऊन उभे राह्यले, पण ऐकू येईल इतक्याच अंतरावर. खोलीत आम्ही दोघीच राह्यल्यासारखं झालं.

मी काही इचारायचं म्हणून इचारलं न्हाई. मला येतच न्हव्हतं. मोकळ्या पायाला हात लावला तर घोट्यावर लाल रेघ. मी आपली लेकराशीच बोलले, "बघ की, कसं लाल झालं माझ्या सोन्याचं."

मागून मावशी म्हणली, "ते वाळ्यानंच झालं. लेकरू भरलं तुझं, वाळा बारका पडला. डाव्याचा पण काढ तू, अजून घट्ट हाय. साबण लावू नको, चरचरतं. मी उजव्याला लावला तर पाय आखडून घेतला त्यानं. तेल लाव."

ती हे असं बोलली जसं शेजारची बाई बोलावी. माझ्या हाताखाली लेकराच्या पायाला खरंच साबणाचा वास येत होता. मी वळून तिच्याकडं पाह्यलं. तिनं माझ्याकडं पाह्यलं. दारातून साहेब आत आले, पण त्यांना बोलायची गरज पडली न्हाई. मावशीनं पदर तोंडावर घेतला, अन् रडंल वाटलं तर हसली.

"बोलले न्हव्हं मी," म्हणली. "लेकराचा पाय दिसला अन् बोलून गेले."

मंग सगळं सांगितलं तिनं. पहिला वाळा खरंच एका लेकराच्या पायाला रुतला म्हणून काढल्ता. द्यायला गेली तर आई दुसऱ्या झाडाखाली, भांडून राह्यली कुणाशी तरी. ही तशीच घरी आली. पुढच्या रविवारी परत देऊ म्हणली. पुढच्या रविवारी कुणी इचारलंच न्हाई हिला. मंग हात सोकावला. पण इकायची हिंमत झाली न्हाई, सराफ ओळखंल म्हणून. काढलेला वाळा लगेच ओल्या गाळात दाबायची अन् त्याचा बैल करायची. लोकांसमोर बसून, बोलत बोलत, बैल.

साहेबांनी टोपली मागवली. पंचांना परत बोलावलं. एक बैल अजून ओला होता, बाकीचे वाळलेले. जमादारांनी काठीनं हलक्या हातानं तो दाबला, अन् मातीतून माझ्या माहेरचा वाळा निघाला. तिच्या घरी गेलो तर फळीवर बैलांची रांग. आम्ही एकेक फोडत गेलो. शेजारच्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यातली एक म्हणली, "मावशीचे बैल इतके जड का ते आत्ता कळालं."

मुद्देमाल ओळखायला बायका ठाण्यात आल्या तो दिवस मला फार आवडतो. लेकरं कडेवर घेऊन आल्या, काहींची लेकरं आता चालायला लागल्ती, वाळे बसंनात. एकीनं तर तिथंच फतकल मारून वाळा पायात घालायचा हट्ट केला, अंमलदार म्हणले कोर्टातून सुटू दे की बाई, ती म्हणली घालून बघते, परत काढून देते. मावशीला शिक्षा झाली, फार मोठी न्हाई. सुटून आल्यावर ती ह्या गावात दिसली न्हाई. दादीजीच्या सुनेला पोरगी झाली, अन् म्हातारीनं पेढे ठाण्यात पाठवले, त्यातला वेगळा डबा माझ्यासाठी.

साहेबांनी माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा मारला. पुढं कुठल्याही तपासात बाई साक्षीदार असली, की साहेब आधी मला आत पाठवायचे. मला ते काम जमत गेलं. शिकले एवढंच की माणूस खोटं ठरवून बोलतं, पण माया ठरवून करत न्हाई. चोराला पण एखाद्या जागी माया असतीच. तिथं त्याला गप बसता येत न्हाई. म्हणून मी पुढं कधी कुणावर ओरडून तपास केला न्हाई. अन् दुसरं शिकले ते हे की ज्याच्या हातात आपण डोळे झाकून काहीतरी देतो, त्याच्यावर संशय घ्यायला आपलंच मन तयार होत न्हाई. चोराला लपायला त्या भरवशाइतकी चांगली जागा न्हाई.

आता नहरीच्या बागेत मी नातीला घेऊन जाते. चिंचा तशाच हायेत, पाणी कमी झालं. शेंगा खाते, पाय सोडून बसते, बरं वाटतं. लेकरू माझं आता दोन पोरींचा बाप हाय, पोट सुटलंय त्याला, त्याला ही गोष्ट सांगितली की म्हणतो, माय, पेढा तर मिळाला ना मला.

पण आत्यांचं बोलणं राह्यलं सांगायचं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी लेकरू हातात घेतलं, पायाची बोटं एकेक करून पाह्यली अन् सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणल्या, "चोर धरायला लेकरू परक्या मांडीवर ठेवलं अन् तू पदराआड बसलीस?"

"डोळ्यापुढं होतं आत्या."

"डोळ्यापुढं तर झोळी पण होती."

मी तेलाची वाटी आणायला उठले. त्यांना मी एक सांगितलं न्हव्हतं, साहेबांना पण न्हाई. ठरल्तं असं की ती लेकरू उचलंल अन् मी तिला जाऊ देईन, पायऱ्या उतरून, बागेतून, तिला वाटंल तिथं. दादीजीनं मनगट धरलं म्हणून ती वेळ आली न्हाई. धरलं न्हसतं तर? तर मी शिपाई म्हणून गप बसून राह्यले असते का, का माय म्हणून उठून केस घालवली असती, अन् पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाची झोळी हलकी होऊ दिली असती? लई वेळा इचार केला, बागेत बसून पण केला. मला न्हाई सांगता येत. तुमचं लेकरू तिथं त्या मांडीवर असतं, ती बाई हात पुढं करून उभी असती, अन् तुम्ही घुंघटात बसलेले असता, तर तुम्ही काय केलं असतं?